कण्याच्या आधी काय होते?

बीबीच्या शिवारात विहीर खणायला घेतली तर मातीखाली मुरूम लागतो, मुरमाखाली काळा दगड लागतो आणि त्याच्याखाली पुन्हा काळाच दगड. हा दख्खनचा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि थंड झाले, त्यांपासून तो तयार झाला. याच तालुक्यातल्या लोणारला अशनी आदळून जो खळगा पडला, तो रुंदीला सुमारे १.८ किलोमीटर आणि काठापासून तळापर्यंत सुमारे दीडशे मीटर आहे. एवढा मोठा घाव बसूनही बेसाल्टचा थर काही संपला नाही. तेव्हा पाठीचा कणा असलेले पहिले प्राणी कसे होते हे पाहण्यासाठी येथे कोणी दगड फोडू लागला तर त्याच्या हाती काही लागणार नाही. ती कहाणी या दगडाच्या जन्मापूर्वी सुमारे ४५ कोटी वर्षे सुरू झाली होती.

विदर्भात जीवाश्म मासे आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचाजवळ, प्राणहिता नदीकाठच्या कोटा गावी सापडलेल्या लेपिडोटस डेक्कनेन्सिस या माशाचे वर्णन १८५१ साली प्रसिद्ध झाले. त्याच कोटा थरांतून मिळालेल्या इंडोसीलाकँथस या माशाचे वर्णन सोहनलाल जैन यांनी १९७४ साली केले. पण हे मासे ज्युरासिक काळातले. जबडा, दात, खवले, मणके असा सगळा सरंजाम त्यांच्याजवळ होता. एखाद्या घराण्याचा इतिहास शोधावा आणि हाती फक्त पणतूच्या लग्नाची पत्रिका लागावी, तसा हा प्रकार आहे.

मग बीबीसारख्या गावातल्या शिक्षकाने हा विषय केवळ पुस्तकातल्या आकृतीवरून शिकवायचा का? आम्हाला तसे वाटत नाही. दगडात नसलेला पुरावा जिवंत शरीरांत आहे, आणि ती शरीरे आपल्या आसपासच आहेत. कोठे पाहायचे एवढेच ठाऊक हवे. सर्वसाधारण नियम असा की, पूर्ण वाढलेल्या प्राण्याकडे कमी पाहावे आणि त्याच्या पिल्लाकडे जास्त.

हा नियम का, ते हर्डमानियावरून चांगले कळते. २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात प्राण्यांच्या वर्गीकरणाच्या पाठात समपृष्ठरज्जू संघाचे तीन उपसंघ दिले आहेत. पहिल्या उपसंघाचे उदाहरण म्हणून हर्डमानिया येतो. चित्रात तो बटाट्यासारखा दिसतो. खडकाला चिकटून बसतो, एका तोंडाने पाणी आत घेतो, दुसऱ्याने बाहेर टाकतो. डोके नाही, शेपूट नाही, कणा तर नाहीच. अंगावर जाड कातडी पिशवी असते, म्हणून त्याला कंचुकधारी म्हणतात. त्या पिशवीत वनस्पतींत असते तसे सेल्युलोज असते. प्राण्यांत ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. आणि हा म्हणे मासा, बेडूक, कोंबडी आणि माणूस यांच्या पंगतीला! वर्गातला एखादा चौकस मुलगा "हा आपल्यात कसा काय?" असे विचारतो तेव्हा "पुस्तकात दिले आहे" हे उत्तर पुरत नाही.

(हर्डमानिया भारतीय पाठ्यपुस्तकांत आला त्यामागेही थोडा इतिहास आहे. इंग्लंडमधील लिव्हरपूलचे प्राध्यापक हर्डमन यांच्यावरून त्याला नाव मिळाले. लखनौहून निघणाऱ्या इंडियन झूलॉजिकल मेमॉयर्स या मालिकेत एस. एम. दास यांनी १९३६ साली त्याच्यावर एक संपूर्ण पुस्तिका लिहिली. तेव्हापासून आपल्याकडच्या महाविद्यालयांत तो नेहमीचा झाला.)

खुद्द शास्त्रज्ञांनाही हा बटाटा बराच काळ ओळखता आला नव्हता. कंचुकधारींची गणना त्यांनी शिंपल्या-गोगलगाईंच्या गटात केली होती. १८६६ साली अलेक्झांडर कोवालेव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने त्यांच्या अंड्यांतून बाहेर पडणारे डिंभ सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने तपासले. हा डिंभ बेडकाच्या पिल्लासारखा दिसतो. त्याला वळवळणारी शेपटी असते. शेपटीच्या मधून एक लवचिक दांडी जाते; सायोना या कंचुकधारीत ती अवघ्या ४० पेशींची असते. दांडीच्या वरच्या अंगाला मज्जातंतूंची पोकळ नळी असते. हा डिंभ काही खात नाही. थोडा वेळ पोहून योग्य जागा शोधतो, डोक्याच्या बाजूने खडकाला चिकटतो आणि मग शेपटी, दांडी, चेतानलिकेचा बराच भाग हे सारे शरीरात जिरवून टाकतो. उरतो तो बटाटा. म्हणजे ओळख पटवणारी खूण बालपणी होती, मोठेपणी ती पुसली गेली. १८७१ साली मानवाच्या उगमावर लिहिताना डार्विनने या शोधाला महत्त्व दिले, ते उगीच नव्हे.

ही लवचिक दांडी म्हणजे पृष्ठरज्जू. संघाचे नाव त्याच्यावरून पडले. पृष्ठरज्जू हा पाठीचा कणा नव्हे, आणि येथेच विद्यार्थ्यांचा सर्वांत जास्त गोंधळ होतो. कणा हाडांचा किंवा कूर्चेचा असतो आणि त्याचे वेगवेगळे मणके असतात. पृष्ठरज्जूत हाड नसते, सांधा नसतो. द्रवाने टम्म फुगलेल्या पेशी आणि त्यांच्याभोवती घट्ट आवरण, एवढीच त्याची रचना. त्याचा उपयोग कळण्यासाठी जत्रेत मिळतो तसा लांबट फुगा वर्गात आणावा आणि पूर्ण फुगवावा. त्याची दोन्ही टोके एकमेकांकडे दाबली तर तो आखूड होत नाही, वाकतो. हात सोडला की पुन्हा सरळ होतो. आता गांडूळ आठवा. गांडुळाचे लांबीतले स्नायू आकसले की त्याचे शरीर आखूड व जाड होते. शरीरात पृष्ठरज्जू असेल तर एका बाजूचे स्नायू आकसल्यावर शरीर आखूड न होता त्या बाजूला वाकते, मग दुसऱ्या बाजूचे आकसले की उलट वाकते. अशा डाव्या-उजव्या हेलकाव्यांतून पोहणे साधते. पुढे आलेल्या माशांचे सगळे पोहणे या एका युक्तीवर उभे आहे.

हे स्नायू पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. आठवडी बाजारातून आणलेला रोहू शिजवला की त्याचे मांस पापुद्र्यांनी सुटते. तो प्रत्येक पापुद्रा म्हणजे स्नायूचा एक खंड. ते नागमोडी मोडलेले आणि एकात एक बसलेले असतात. त्यानंतर कण्यातला एक मणका सोडवून घ्यावा. तो पुढून आणि मागून, दोन्हीकडून खोलगट दिसेल. दोन मणके जोडून धरले की मध्ये पोकळी तयार होते. मासा ताजा असताना त्या पोकळीत पारदर्शक, जेलीसारखा गोळा असतो. तोच पृष्ठरज्जूचा उरलेला भाग! मणके पृष्ठरज्जूभोवती तयार झाले, त्याला जागोजाग आवळत गेले, पण पुरते संपवू शकले नाहीत. ज्यांच्या घरी मासे शिजत नाहीत त्यांनी हळहळू नये, कारण तसाच पुरावा आपल्या स्वतःच्या पाठीत आहे. गर्भ तिसऱ्या आठवड्यात असतानाच माणसाचा पृष्ठरज्जू तयार होऊ लागतो, आणि पुढे मणके झाल्यावर दोन मणक्यांमधल्या गादीचा मऊ गाभा त्याच्यापासून घडतो. गावात कोणाची तरी "गादी सरकली" हे आपण नेहमी ऐकतो. त्या दुखण्यात बाहेर सरकणारा गाभा हा त्या पुरातन दांडीचा वारस असतो.

दुसरी खूण चेतारज्जूची. गांडुळात तो पोटाच्या बाजूला आणि भरीव असतो, आपल्यात पाठीच्या बाजूला आणि पोकळ. गांडुळाची मुख्य रक्तवाहिनी पाठीच्या बाजूने रक्त पुढे नेते, आपले हृदय पोटाच्या बाजूला आहे. जणू एकाला उलटे केले की दुसरा मिळतो. जोफ्रॉय सँ-तिलेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२२ साली झिंग्यासारखा एक मोठा कवचधारी प्राणी पाठीवर उताणा ठेवून नेमके हेच सुचवले. त्याची त्या काळी टर उडवली गेली. पुढे १९९० च्या दशकात असे आढळले की, बेडकाच्या भ्रूणात पाठीची बाजू ठरवणारे जनुक आणि फळमाशीत पोटाची बाजू ठरवणारे जनुक ही एकाच मूळ जनुकाची दोन रूपे आहेत. म्हणजे शरीराची पाठ-पोट ठरवण्याची जुनी योजना एकच होती, आपल्या शाखेत तिची दिशा पालटली. पावणेदोनशे वर्षांनी का होईना, जोफ्रॉयच्या कल्पनेला आधार मिळाला.

तिसरी खूण कल्लाविदरांची. तिच्याविषयी एक चुकीचे वाक्य इतके पसरले आहे की येथे थोडे थांबायला हवे. "माणसाच्या गर्भाला आईच्या पोटात कल्ले असतात" असे सर्रास सांगितले जाते. तसे नसते. माणसाच्या गर्भात कल्ले कधीच तयार होत नाहीत. तयार होतात त्या ग्रसनीच्या दोन्ही बाजूंच्या कमानी आणि त्यांच्यामधल्या खाचा. माशात या खाचा आरपार उघडतात आणि कमानींवर कल्ले येतात. आपल्यात त्या साधारणपणे उघडत नाहीत आणि त्या भागांपासून वेगळेच अवयव बनतात. आतल्या पहिल्या खाचेपासून घसा आणि कान यांना जोडणारी नळी होते. घाट उतरताना कानांना दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, तो या नळीचाच खेळ. पहिल्या दोन कमानींपासून कानातली तीन इवली हाडे होतात. गर्भ आपल्या पूर्वजांची पूर्ण वाढलेली रूपे एकामागून एक घेत जातो, असे जर्मनीचे हेकेल एकोणिसाव्या शतकात सांगत. ते टिकले नाही. गर्भाचे साम्य माशाशी नसून माशाच्या गर्भाशी असते. उत्क्रांती शिकवताना हा फरक गाळला तर विद्यार्थ्याच्या डोक्यात एक शिडी तयार होते आणि ती पुढे काढणे कठीण जाते.

ग्रसनीचा मूळ उपयोग श्वसनापेक्षा अन्न गाळण्याचा असावा. हर्डमानिया आणि ॲम्फिऑक्सस यांच्यात आजही तेच चालते. पाणी तोंडातून आत येते, विदरांतून बाहेर पडते आणि अन्नकण चिकट स्रावात अडकतात. हा स्राव ग्रसनीच्या तळाशी असलेल्या एका खोबणीत तयार होतो, तिचे नाव एंडोस्टाइल. या खोबणीतल्या काही पेशी आयोडीन धरून ठेवतात. लॅम्प्रे या जबडा नसलेल्या प्राण्याच्या डिंभात अशी खोबण असते, आणि डिंभाचे प्रौढात रूपांतर होताना तिच्यापासूनच अवटू ग्रंथी, म्हणजे थायरॉइड, तयार होते. गलगंड होऊ नये म्हणून आपण मिठात आयोडीन मिसळतो. ज्या ग्रंथीला ते लागते ती एके काळी पाण्यातून घास गाळणाऱ्या यंत्राचा भाग होती.

चौथी खूण, गुदद्वाराच्या मागे जाणारी स्नायुमय शेपटी, हिच्याविषयी फार सांगण्यासारखे नाही.

ॲम्फिऑक्ससविषयी मात्र सांगायला हवे. पाचेक सेंटिमीटर लांबीचा, दोन्ही टोकांना निमुळता असा हा प्राणी समुद्राच्या उथळ वाळूत अंग पुरून बसतो. १७७४ साली पल्लास यांनी त्याचे वर्णन केले तेव्हा त्याला गोगलगाईच्या जातीचा ठरवले होते. चीनमध्ये शियामेनजवळ एके काळी त्याची चक्क मासेमारी चालत असे. त्याच्यात चारही खुणा आयुष्यभर राहतात, पण कवटी नाही, डोळ्यांची जोडी नाही, हाड नाही. आकाराने तो इतका माशासारखा की, तो आपला सर्वांत जवळचा नातलग आणि बटाट्यासारखा हर्डमानिया दूरचा, असे बराच काळ धरले गेले. २००६ साली अनेक जनुकांची एकत्र तुलना झाली तेव्हा उलटे निघाले. कंचुकधारी हे आपले अधिक जवळचे आणि ॲम्फिऑक्सस त्यांच्याहून लांबचा. यात चमत्कार काही नाही. सख्खा भाऊ परमुलखात जाऊन वेश, भाषा, सगळे बदलून बसला आणि चुलत भाऊ जुन्या वाड्यात जुन्याच धोतरात राहिला, तर चेहऱ्यामोहऱ्यावरून नाते ठरवणारा फसणारच. पुस्तकातला उपसंघांचा क्रम ही पायऱ्यांची शिडी नव्हे, एवढे फळ्यावर एक फांद्यांचे झाड काढून दाखवले तरी पुरे.

आता दगडांकडे वळू. बीबीच्या नव्हे, कॅनडा आणि चीनच्या. कॅनडातील बर्जेस शेल या थरांतून मिळालेल्या पिकाइया या सुमारे ५०.८ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याला चार्ल्स वॉलकॉट यांनी १९११ साली कृमी म्हटले. १९७९ साली सायमन कॉन्वे मॉरिस यांनी त्याला समपृष्ठरज्जू ठरवले, आणि २०१२ साली त्याचे सविस्तर वर्णन आले. २०२४ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवले की इतकी वर्षे तो उलटाच पाहिला जात होता. ज्याला पाठ समजत होते ते पोट होते. शंभर वर्षांत कृमीचा नातलग झाला आणि नातलगाची पाठ पोटात गेली. जीवाश्मशास्त्रात असे चालायचेच.

चीनच्या युन्नान प्रांतातील चेंगजियांग येथे १९९९ साली वर्णन झालेले हायकोउइक्थिस आणि मायलोकुन्मिंजिया हे त्याहूनही जुने, सुमारे ५१.८ कोटी वर्षांपूर्वीचे. लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर. त्यांना डोके आहे, नागमोडी स्नायूखंड आहेत, कल्ले आहेत. जबडा नाही, हाड नाही. मणक्यांचा मागमूस हायकोउइक्थिसमध्ये २००३ साली दाखवला गेला, तोही पुसट. म्हणजे पृष्ठवंशीयांच्या इतिहासात डोके ठळकपणे आधी दिसते, मजबूत कणा फार नंतर. "पृष्ठवंशीय" या नावाने आपली थोडी दिशाभूलच केली आहे.

हे डोके कोठून आले? भ्रूणात चेतानलिका मिटताना तिच्या कडांवरून काही पेशी सुटतात आणि शरीरभर भटकत जातात. त्यांना न्यूरल क्रेस्ट पेशी म्हणतात. १८६८ साली विल्हेल्म हिस यांनी कोंबडीच्या भ्रूणात त्या प्रथम पाहिल्या. चेहऱ्याची व जबड्याची हाडे, दातांचा आतला भाग, अनेक चेता आणि त्वचेला रंग देणाऱ्या पेशी त्यांच्यापासून बनतात. ॲम्फिऑक्ससमध्ये अशा पेशी नाहीत. १९८३ साली गान्स आणि नॉर्थकट यांनी असे मांडले की, पृष्ठवंशीयांचे डोके ही जुन्या शरीराच्या पुढे झालेली नवी बांधणी आहे आणि गाळून खाणारा प्राणी शिकार करून खाऊ लागला तेव्हा तिची गरज पडली. जनुकसंचही त्या काळात वाढला. शरीराची मांडणी ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांचा ॲम्फिऑक्ससमध्ये एक संच असतो, माणसात चार.

यानंतरचा क्रम थोडक्यात असा. कोनोडोंट नावाच्या प्राण्यांचे दातांसारखे इवले अवशेष १८५६ पासून ठाऊक होते, पण ते कोणाचे हे कळत नव्हते. स्कॉटलंडमधील एडिंबरोजवळ अख्खा प्राणी दगडात सापडल्याचे १९८३ साली जाहीर झाले आणि तो वामेसारखा लांबट निघाला. ऑस्ट्रेलियातील अरँडास्पिस आणि बोलिव्हियातील साकाबांबास्पिस यांच्या अंगावर हाडाचे चिलखत होते, आत मात्र हाडाचा सांगाडा नाही. म्हणजे हाड आधी कातडीत आले. जबडा त्याच्याही नंतरचा. तो कल्ल्यांच्या पुढच्या कमानीपासून घडला. चीनमधून २०२२ साली वर्णन झालेले जबड्याचे मासे सुमारे ४३.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. कोटा गावचे मासे त्यांच्याहून २५ कोटी वर्षांनी तरुण.

जबडा नसलेल्यांपैकी आज दोनच गट उरले आहेत, लॅम्प्रे आणि हॅगफिश. आपल्या नद्यांतली वाम त्यांच्यासारखी दिसते, पण तिला नीट जबडा आहे. लॅम्प्रेत पृष्ठरज्जू जन्मभर टिकतो. हॅगफिशला तर मणके नाहीतच असे समजत. २०११ साली जपानी संशोधकांना त्याच्या भ्रूणात कूर्चेच्या गुठळ्या आढळल्या. मणके होते, ते झिजून गेले. येथेही उत्तर पिल्लातच मिळाले.

समुद्र बीबीपासून रस्त्याने चारशे किलोमीटरहून दूर आहे, तेव्हा ॲम्फिऑक्सस काही मुलांना दाखवता यायचा नाही. पण पाऊस सुरू झाला की रस्त्याकडेच्या डबक्यांत काळी वळवळणारी पिल्ले दिसतात, ज्यांना मुले माशांची समजतात. ती बेडकांची, म्हणजे भैकेर. एकदोन काचेच्या बशीत डबक्याच्याच पाण्यासह घ्यावीत आणि साध्या भिंगातून शेपटी पाहावी. कडेचा पडदा पारदर्शक असतो आणि मधल्या भागात स्नायूंचे खंड ओळीने मोडलेले दिसतात. सामान्यतः त्या शेपटीत एकही मणका नसतो. तिला आधार असतो तो पृष्ठरज्जूचाच. पुढे पाय फुटतात, शेपटी आक्रसते, आणि आतली दांडीही तिच्याबरोबर विरघळून जाते. पाहून झाल्यावर पिल्ले त्याच डबक्यात सोडावीत आणि दर तीन-चार दिवसांनी मुलांना पुन्हा तेथे न्यावे, डबके आटण्याआधी.